२०० अश्वशक्तींवर थांबलेलं टर्बो इंजिन

टर्बो इंजिन, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंपाने जास्त हवा कोंबलेलं इंजिन, बांधायचं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, टर्बो कोणता? माझ्या मते तो पाचवा-सहावा प्रश्न. पहिला प्रश्न असा: ताकद किती हवी आहे, आणि तेवढी मिळाल्यावर हात आवरता येईल का? मी कागदावर २०० अश्वशक्ती लिहिलं आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या आकड्याला विचारून घेतला. हे लिहिण्याचं कारणही तेवढंच. शोधायला गेलं की ४०० आणि ५०० वाल्यांच्या कहाण्या ढिगाने सापडतात. मधल्या, परवडणाऱ्या रस्त्याने जाऊन रोज चालवता येईल असं इंजिन बांधणाऱ्यांनी मात्र फारसं लिहून ठेवलेलं दिसत नाही.

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.८ लिटरची. कारखान्यातून निघताना ताकद साधारण १३०. म्हणजे २०० हे मूळच्या दीडपट. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शियल यांना हात न लावता एवढं निभावतं, म्हणून २००. त्यावर गेलं की एकेक भाग रांगेत उभा राहतो आणि बजेट नावाची गोष्ट उरत नाही.

खर्चाचे आकडे पैशांत देत नाही. ते जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात. एकूण खर्च १०० धरते आणि कशाला किती वाटा गेला ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी एक नावडता सल्ला. गाडीवर विशेष जीव नसेल तर हे करू नका. कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली जुनी गाडी घ्या, किंवा तसं इंजिन घेऊन बसवा. फोक्सवॅगनचं १.८ टी, निसानचं एसआर२०डीईटी, व्होल्वोचं बी२३०एफटी, यांत पिस्टन, तेलाच्या वाटा, कूलिंग हे सगळं बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, गृहीत धरूनच केलेलं आहे. दुसरं इंजिन टाकण्याचा हिशेब मीही मांडला होता. पण इंजिन नंबर बदलला की नोंदणीचं सगळं प्रकरण नव्याने सुरू होतं, शिवाय माउंट, वायरिंग, गिअरबॉक्सचा जोड हे वेगळंच. माझं मूळ इंजिन लोखंडी ब्लॉकचं आणि दणकट होतं, म्हणून तेच ठेवलं.

जानेवारीत पाना न उचलता फक्त पत्रं लिहिली. एक विमा कंपनीला, एक वाहनातले बदल तपासून मान्यता देणाऱ्या अभियंत्याला. तुम्ही असाल तिथला नियम आधी लेखी विचारून घ्या. काही ठिकाणी असा बदल रस्त्यावरच्या गाडीत मुळीच चालत नाही, आणि हे पिस्टन विकत घेतल्यावर कळणं फार महाग पडतं. विमा कंपनीचं उत्तर यायला महिना गेला. त्यांना बदलानंतरची ताकद, ट्यूनिंग कोण करणार आणि आधीचे-नंतरचे फोटो हवे होते. काम चालू असेपर्यंत गाडी रस्त्यावर नाही असं लिहून दिलं, तर फक्त आग आणि चोरीचा विमा पुरे, हेही त्यांनीच सांगितलं. हप्ता कमी झाला. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

अभियंत्याकडून प्रश्नांची यादी आली. नवी ताकद, नवी क्षमता (सिलिंडरांचं एकूण घनफळ), इंधन, आवाजाची पातळी, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर राहणार का, आणि वाढलेल्या ताकदीला ब्रेक पुरेसे आहेत याचा पुरावा. गाडीवर नंतरच्या मॉडेलचे मोठे डिस्क आधीपासून होते, त्यांची पावती जुन्या फाइलमध्ये सापडली. पावत्या जपा. शिवाय ब्लॉकवरच्या इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो गाडीच्या नंबरप्लेटसकट काढून ठेवा. काही इंजिनांत हा नंबर ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागालगत कोरलेला असतो, आणि तो पृष्ठभाग घासला की नंबरही जातो. मशीन शॉपला हे पहिल्याच भेटीत सांगायचं. कागदपत्रांचा आणि शुल्काचा एकूण वाटा ५.

फेब्रुवारीत इंजिन उतरवलं. त्याआधी, ते चालू स्थितीत असतानाच, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन या दोन्ही चाचण्या केल्या. कॉम्प्रेशन चाचणी दाब किती तयार होतो ते सांगते. लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकता येतं. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. माझ्या इंजिनात पहिले तीन सिलिंडर बरे होते. चौथा २० टक्क्यांच्या वर गळत होता, आणि आवाज तेलाच्या तोंडातून येत होता.

चौथाच का, याला कारण आहे. माझदाचं हे इंजिन मुळात आडवं बसवलेल्या, पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांचं. तिथे थंड पाणी एका टोकाने आत शिरतं, चारही सिलिंडरना भिजवून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवताना पाण्याची बाहेर पडायची वाट पुढे आणली. त्यामुळे पाणी पुढून शिरतं आणि बरंचसं पुढूनच निघून जातं. मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरपाशी प्रवाह मंदावतो. कारखान्याच्या ताकदीला ते चालून जातं. बूस्ट आला की त्याच सिलिंडरमध्ये नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी, स्फोटासारखं पेटणं, आधी सुरू होतं. यावरचा उपाय ओळखीचा आहे: थर्मोस्टॅट मागे नेऊन पाण्याची मूळची वाट परत आणायची. यादीत टर्बोच्याही आधी मी हे लिहिलं. तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याचंही असं एखादं जुनं दुखणं असेलच. ते शोधा आणि बूस्टच्या आधी त्यावर पैसे घाला.

खोलताना बोल्ट पिशव्यांत आणि पिशव्यांवर नाव, एवढं सगळेच सांगतात. त्यात दोनच गोष्टींची भर घालते. कॉनरॉडची, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याची, टोपी ज्या रॉडची त्याच रॉडवर आणि त्याच दिशेने परत जायला हवी. त्या जोडीनेच घडवलेल्या असतात. आणि जुन्या बेअरिंगच्या पाट्या फेकू नका. त्यांच्यावरची झीज वाचता येते. एका कडेलाच झीज असेल तर रॉड वाकलेला असू शकतो. तांबूस थर सगळीकडे सारखा दिसत असेल तर तेलाने दगा दिलेला आहे.

आता पैशांचा खरा निर्णय. १.८ चे मूळ कॉनरॉड २०० अश्वशक्ती सहसा सोसतात. मग नवे कशाला? कारण जुने रॉड ठेवायचे तर नवे बोल्ट, मोठ्या टोकाचं पुन्हा घडण आणि सरळपणाची तपासणी आलीच. त्या सगळ्याची बेरीज नव्या फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या, रॉडच्या इतकी जवळ गेली की वाद संपला. पिस्टनचंही तसंच. बोअर (सिलिंडरचं भोक) झिजला होता, म्हणजे मोठ्या मापाचे पिस्टन घ्यायचेच होते. मग फोर्ज्ड घेतले. बोअर चांगला असता तर मी मूळ पिस्टन ठेवले असते आणि फक्त रिंग बदलल्या असत्या. या दर्जाच्या इंजिनाला फोर्ज्ड पिस्टन लागतातच, हा समज विकणाऱ्यांनी पसरवलेला आहे.

पिस्टन घेताना मिश्रधातू विचारा. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त, सुमारे १२ टक्के. तो तापल्यावर कमी फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये घट्ट बसवता येतो आणि थंडपणी खडखडत नाही. २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी कमी. तो जास्त चिवट, नॉकिंगचा मार जास्त सोसणारा, पण फट जास्त ठेवावी लागते. शर्यतीला २६१८, रोजच्या गाडीला ४०३२. मी ४०३२ घेतले, ८३.५ मिलिमीटरचे. मूळ बोअर ८३. पिस्टन, रिंग, रॉड, बेअरिंग मिळून वाटा २१.

ऑर्डर मार्चच्या सुरुवातीला दिली, माल एप्रिलच्या शेवटी आला. दरम्यान ब्लॉक मशीन शॉपमध्ये धुऊन, चुंबकीय तपासणी होऊन तयार होता. मी मिस्त्रींना विचारलं, "तोवर बोअर करून ठेवता का?"

"पिस्टन माझ्या हातात दिल्याशिवाय नाही," ते म्हणाले. "डब्यावरच्या मापाला मी बोअर करत नाही, पिस्टनला करतो."

हेच उत्तर ऐकायचं होतं. जो हो म्हणाला असता त्याच्याकडून ब्लॉक परत आणला असता. होनिंग, म्हणजे बोअरची आतून शेवटची घासाई, करताना त्यांनी वर जाड डेक प्लेट बोल्टने आवळून घेतली. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) बसवून बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. प्लेटमुळे तो ताण होनिंगच्या वेळीच येतो, आणि हेड बसल्यावर बोअर गोल राहतो. तेलाच्या वाटांची बुचं काढून आत ब्रश फिरवला का, हेही विचारा. होनिंगचा कीस तिथे लपला तर नव्या बेअरिंगचं आयुष्य तासांत मोजावं लागतं.

पिस्टन आले तेव्हा शॉपमध्ये दुसऱ्या कामांची रांग लागली होती, आणि ब्लॉक जूनमध्येच मिळाला. मशीन शॉपचा वाटा १३. या थांबण्याच्या महिन्यांत चिडचिड झाली, नाही असं नाही. पण उरलेल्या भागांचं गणित याच काळात झालं, आणि ते घाईत झालं असतं तर महागात गेलं असतं.

ते गणित असं. पेट्रोल इंजिनाला २०० अश्वशक्तीसाठी दर मिनिटाला साधारण ९ किलो हवा लागते. माझं इंजिन ६,५०० फेऱ्यांवर, थंड केलेल्या हवेवर, ०.६ बार बूस्टला तेवढी किंवा थोडी जास्तच हवा ओढतं. म्हणजे मला ०.६ बारला ९ ते १० किलो हवा देणारा, आणि ती चांगल्या कार्यक्षमतेने देणारा छोटा टर्बो हवा. कॉम्प्रेसरचा, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूचा, नकाशा पाहताना हेच दोन आकडे लावायचे: उभ्या अक्षावर दाबाचं गुणोत्तर, बाहेरच्या हवेचा १ बार धरून इथे १.६ आणि गाळणी-पाइपमधली दाबाची घट धरून १.७, आडव्या अक्षावर हवा. बिंदू नकाशातल्या मधल्या, जास्त कार्यक्षमतेच्या बेटात पडला पाहिजे. उजव्या कडेला पडला तर टर्बो धापा टाकत गरम हवा देतो, डाव्या रेषेबाहेर गेला तर सर्ज होतो, म्हणजे हवा उलटी मागे धडकते. मोठा टर्बो घेऊन पुढेमागे बूस्ट वाढवू, असं म्हणणाऱ्याला ४,५०० फेऱ्यांपर्यंत वाट बघत बसावं लागतं, आणि बूस्ट वाढवायला बजेट उरलेलं नसतं.

मी कारखान्याच्या गाडीतून निघालेला, मित्सुबिशीचा टीडी०४ मालिकेतला जुना टर्बो घेतला. वाटा फक्त ८. जुना घेताना शाफ्ट हाताने हलवून पाहा. साध्या बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट बाजूला किंचित हलतो, ते चालतं, कारण चालू असताना तेलाचा थर ती फट भरतो. पण शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, आत-बाहेर, हाताला जाणवेल अशी हालचाल नको. पात्यांच्या कडा नखाने चाचपा. बारीक खाच असली तरी सोडून द्या. निनावी नक्कल केलेले नवे टर्बो याहून स्वस्त मिळतात. ते फुटले की तुकडे इंटरकूलरमध्ये, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीत, जातात आणि तिथून इंजिनात. त्या वाटेला गेले नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये जोडणी. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण यात पैसे लागत नाहीत, बैठक लागते. रिंगच्या टोकांमधली फट बूस्टच्या इंजिनात जास्त ठेवतात: बोअर गुणिले ०.००५, म्हणजे माझ्याकडे ०.४२ मिलिमीटर. रिंग तापून लांबते. टोकं एकमेकांना भिडली की ती सिलिंडरला चावते आणि पिस्टनचा वरचा काठ तुटतो. फट थोडी जास्त झाली तर किंचित दाब गळेल, एवढंच. कानस बाहेरच्या कडेकडून आत चालवायची, म्हणजे रिंगवरचा लेप उडत नाही. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरमध्ये जाणार त्याच सिलिंडरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ बसवून मापायची.

बेअरिंगची फट शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी. क्रँकचे कॉनरॉडकडचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ४५ मिलिमीटरचे, म्हणून लक्ष्य ०.०४५ च्या आसपास. मी मायक्रोमीटर आणि बोअर गेज उसने आणले. प्लॅस्टिगेजची, म्हणजे चेपल्यावर रुंदीवरून फट सांगणारी, पट्टी पडताळ्यापुरती वापरली. एका मेन बेअरिंगची फट कमी भरली. वेगळ्या जाडीच्या पाट्या मागवून ती दुरुस्त झाली, त्यात दोन आठवडे गेले. फट किती भरली हे वहीत लिहून ठेवा. पुढे तेलाचा दाब कमी-जास्त दिसला की ही वही बोलते.

याच घराण्यातल्या इंजिनांचं आणखी एक दुखणं म्हणजे तेलाच्या पंपाची चाकं. मूळ चाकं भुकटी दाबून भाजलेल्या धातूची असतात आणि वारंवार जास्त फेऱ्यांना नेलं की तडकतात. त्याजागी अखंड पोलादातून कापलेली बसवली. या भागावर पैसे वाचवले तर इंजिन पुन्हा उघडायची वेळ येते.

हेडसाठी अनेक पत्र्यांची गॅस्केट आणि नवे बोल्ट. मजबूत स्टडची गरज या बूस्टला नव्हती. आवळताना आट्यांना कोणतं वंगण लावलं यावर टॉर्क बदलतो. पुस्तकातला आकडा तेलासाठी असेल आणि तुम्ही विशेष वंगण लावलं, तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

सप्टेंबरमध्ये गरम बाजू, म्हणजे एक्झॉस्टची. सिलिंडरांचा धूर टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड साधा, ओतीव लोखंडाचा, चारही वाटा ओंडक्यासारख्या एका जाड नळीत मिळणारा. लांब वळणांचा स्टीलचा मॅनिफोल्ड दिसतो सुंदर, पण पेट्रोल टर्बोचा एक्झॉस्ट ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, आणि त्या तापमानात पातळ नळ्या टर्बोचं वजन पेलता पेलता वेल्डपाशी तडकतात. मॅनिफोल्ड, टर्बोनंतरचा पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मिळून वाटा ११.

तेलाची परतीची नळी हा या सगळ्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. टर्बोला तेल दाबाने जातं, पण परत येतं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने, आणि तेही फेसाळून. म्हणून परतीची नळी जाड, शक्य तितकी उभी, कुठेही खोलगट न होता, आणि संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीच्या वर शिरणारी हवी. तिथे अडथळा आला की तेल टर्बोच्या सीलमधून बाहेर ढकललं जातं, निळा धूर येतो, आणि माणूस चांगला टर्बो खराब समजून बदलतो. तेल आत जाताना बॉल बेअरिंगच्या टर्बोला सुमारे १ मिलिमीटरचं अरुंद छिद्र लावतात. साध्या बेअरिंगला जास्त तेल लागतं. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका.

इंटरकूलर लागतो का? २० अंशांची हवा १.७ गुणोत्तराने दाबली आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर ती ८८ अंशांच्या आसपास बाहेर पडते. ठीकठाक इंटरकूलर तिला ४० पर्यंत आणतो. हवा जितकी गरम तितकं नॉकिंग जवळ, म्हणून ०.६ बारलाही तो हवाच. दुसऱ्या कारखान्याच्या गाडीतला जुना घेतला, आतून पेट्रोलने धुऊन, वाळवून, दाब देऊन तपासला. पाइपांसह वाटा ६.

नॉकिंग हे टर्बोचं जुनंच वैर. १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी यांनी एक्झॉस्टवर कॉम्प्रेसर फिरवायचं पेटंट घेतलं, पण असा टर्बो प्रवासी गाड्यांत यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षीच्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, १०.२५ ला १ ठेवलं होतं आणि नॉकिंग आवरायला पाणी-मेथेनॉलची टाकी दिली होती. लोक ती टाकी भरायला विसरत. वेगळ्या टाकीवर इंजिनाचा जीव टांगून ठेवणाऱ्या प्रत्येक उपायाकडे मी हे कळल्यापासून संशयाने बघते. माझं कॉम्प्रेशन पहिल्यापासून ९ ला १ आहे आणि तेच राहिलं.

इंधनाचं गणित एका ओळीचं. टर्बो इंजिनाला जपून चालवायचं तर २०० अश्वशक्तीला चार इंजेक्टर मिळून दर तासाला साधारण ५४ किलो पेट्रोल लागतं, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही. उत्तर येतं प्रत्येकी मिनिटाला ४०० सीसीच्या आत-बाहेर. ४४० चे घेतले. पंप मोठा, त्याची वायर बॅटरीपासून रिलेमार्गे थेट. मूळ बारीक वायरीवर व्होल्टेज पडतं आणि पंप ऐन बूस्टमध्ये कमी पेट्रोल देतो. इंधन आणि ठिणगी सांभाळणारा संगणक म्हणून मेगास्क्वर्ट, स्वतः जोडायच्या रूपात. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर टर्बोनंतर आणि कन्व्हर्टरच्या आधी, आणि आडव्यापासून किमान १० अंश वर कललेला, म्हणजे थंडपणी साचलेलं पाणी त्यात उतरत नाही. या सगळ्याचा वाटा १५, टर्बोच्या जवळजवळ दुप्पट. हेच योग्य प्रमाण आहे असं माझं ठाम मत. जाडसर क्लचचे ५ वेगळे.

ऑक्टोबरमध्ये इंजिन गाडीत बसलं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इंजेक्टर बंद ठेवून, स्टार्टरने दाब काट्यावर दिसेपर्यंत फिरवलं. टर्बोत हाताने तेल ओतलं. टायमिंग लाइट लावून संगणक सांगतो तो अंश आणि पुलीवर दिसतो तो अंश एकच आहे का ते पडताळलं. हे जुळत नसेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग खोट्या पायावर उभं राहतं. इंजिन लागलं तेव्हा आनंदापेक्षा कान जास्त टवकारलेले होते. पाणी एका क्लिपमधून गळलं, बाकी कोरडं.

रस्त्यावर न्यायला तात्पुरता परवाना लागला: चाचणी आणि ट्यूनिंगपुरता, ठरलेल्या तारखांचा, विम्याच्या पत्रासह. परवान्याची मुदत आणि ट्यूनरची तारीख एकमेकांत बसवणं हेच एक काम होऊन बसलं. आधी ट्यूनरची तारीख पक्की करा, मग अर्ज. रिंग बसवण्यासाठी साधं खनिज तेल, मध्यम भार, वर-खाली होणाऱ्या फेऱ्या, बूस्ट जेमतेम. ५० किलोमीटरनंतर तेल बदललं आणि फिल्टर कापून कागद उलगडून पाहिला. थोडी करडी भुकटी दिसते, ती चालते. चकाकते पत्रे दिसले तर बेअरिंग. ५०० ला पुन्हा तेच.

नोव्हेंबरमध्ये डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र. वेस्टगेटची, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, स्प्रिंग ०.५ बारची, तिथूनच सुरुवात, ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर. स्प्रिंगच्या खाली बूस्ट जात नाही, म्हणून ती हव्या त्या आकड्यापेक्षा थोडी कमी घ्यायची. पूर्ण भारावर लँब्डा ०.८०, म्हणजे हवा-इंधन गुणोत्तर ११.८ च्या जवळ. मग ठिणगी अर्ध्या-अर्ध्या अंशाने आधी आणत गेलो. ब्लॉकला चिकटवलेल्या मायक्रोफोनचा हेडफोन ट्यूनरच्या कानावर. टॉर्क वाढायचा थांबला की मागे, नॉकिंगचा एक ठोका जरी ऐकू आला तरी आणखी मागे. ०.६ बारला चाकांवर १७१ भरले. वाटेतलं नुकसान १५ टक्के धरलं तर २०० च्या आसपास. डायनोचे आकडे यंत्राप्रमाणे बदलतात, तेव्हा त्यात फार अर्थ शोधू नये.

"टर्बो ०.८ पर्यंत देईल, करायचं?" ट्यूनरने विचारलं.

नको म्हटलं. डायनो आणि ट्यूनिंगचा वाटा ६.

उरलेले १० कुठे गेले? बोल्ट, क्लिप, नळ्या, गॅस्केट, तेल, कूलंट, उष्णतेची पट्टी, पाण्याची नवी वाट, उसनवारीची हत्यारं. सुरुवातीला एकूण अंदाजाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवला होता, तो जेवढा लागला तेवढा इथेच मुरला. मोठे भाग ठरलेल्या किमतीतच आले.

डिसेंबरमध्ये तपासणी. टर्बोवर पाच मिनिटंही गेली नाहीत. उत्सर्जन कन्व्हर्टरमुळे सहज पास, आवाज मर्यादेत. घोडं अडलं ते २२ सीसीवर. बोअर अर्धा मिलिमीटर वाढल्याने क्षमता १,८४० वरून १,८६२ झाली होती आणि माझ्या अर्जात ती तशीच लिहिलेली होती. कार्यालयाच्या नोंदीत मात्र जुनी. मशीन शॉपचं बोअरच्या मापाचं सही-शिक्क्याचं पत्र मागितलं गेलं. ते आणायला एक आठवडा, नोंद बदलायला आणखी दोन. बोअर वाढवणार असाल तर ब्लॉक घ्यायला जाल तेव्हाच हे पत्र मागून घ्या. विम्याचा हप्ता वाढला, अपेक्षेइतका नाही. डायनोचा कागद पॉलिसीला जोडलेला आहे, आणि त्यावरच्या ताकदीपुढे गेलं तर विमा लागू नाही अशी ओळही त्यात आहे.

आता १,००० किलोमीटर झाले आहेत. पहिल्या काही वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट ढिले होतात, ते दोनदा आवळले. कुलपी नट घाला, साधे टिकत नाहीत. लीक-डाउन पुन्हा केलं. चारही सिलिंडर १० टक्क्यांच्या आत आहेत, चौथा धरून. तेल आता सिंथेटिक आहे आणि दर ५,००० ला बदलणार आहे. पुढच्या तपासणीच्या वेळी टर्बोचा शाफ्ट आत-बाहेर हलतो का तेवढं पाहायचं आहे.